कुठून आलात?

मुंबई पाहिलेली माणसं सांगलीत राहतात. कराड, अकोला, परभणी इथेही बरीच आहेत. आम्ही डोंबिवलीत राहतो. आम्ही मुंबईला नुसते जातो.

चौतीस वर्षं मी रोज सकाळी आठ-बाराच्या लोकलने मुंबईला गेलो आणि संध्याकाळी परत आलो. या काळात मुंबईचं जे काही दर्शन घडलं ते पाहुण्यांच्या कृपेने. मे महिन्यात हिचा भाऊ सांगलीहून सहकुटुंब यायचा, मी दोन दिवस रजा काढायचो आणि गेटवे, तारापोरवाला मत्स्यालय, म्हातारीचा बूट असा ठरलेला फेरा व्हायचा. वाटेत मेव्हणा दिसेल त्या इमारतीकडे बोट दाखवून विचारायचा, "दाजी, हे काय हो?" मी सांगायचो, "सरकारी ऑफिस." फोर्टात हे उत्तर बऱ्याचदा बरोबर येतं. वर घुमट असला तर "जुनं सरकारी ऑफिस". एकदा त्याने "आत गेलाय का कधी?" असं विचारलं, तेव्हा मी "कामापुरता" म्हणालो. ते उच्च न्यायालय होतं. हिच्या माहेरी त्यानंतर बरेच दिवस माझ्याविषयी दबक्या आवाजात बोलत.

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात ही म्हणाली, "अहो, आपण मुंबई बघू या का?"

"कोण येणार आहे?"

"कुणी नाही. आपण दोघंच."

पाहुणे नसताना मुंबई बघायची ही कल्पना मला लग्न नसताना मुंडावळ्या बांधून बसण्यासारखी वाटली. पण निवृत्त नवऱ्याच्या हरकतीला घरात फार किंमत नसते. हिने वहीत यादी केली आणि पहिलं नाव लिहिलं : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस.

"अगं, ते स्टेशन आहे!"

"जागतिक वारसा आहे. २००४ पासून."

म्हणजे नोकरीची उतरती वर्षं मी रोज दोनदा जागतिक वारशातून धावत होतो आणि मला कुणी बोललं नव्हतं. मी तिथे इंडिकेटर सोडून काही पाहिलं नव्हतं. उलट जे बघायचे त्यांचा मला राग यायचा. एकदा तिकीटघरात धोतर-टोपीतले एक आजोबा ऐन गर्दीत वर मान करून उभे होते. मला सहा-पंधराची फास्ट गाठायची होती. "आजोबा, स्टेशन आहे हे, म्युझियम नाही!" असं ओरडून मी त्यांना वळसा घातला होता. गाडी मिळाली होती. खिडकीही मिळाली होती.

आता मीच रस्त्यापलीकडे उभा राहून वर पाहत होतो. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आराखडा काढलेली ही इमारत १८८७ साली खुली झाली. दगडातले पक्षी-प्राणी आणि पानंफुलं घडवण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सगळ्यांत उंच घुमटावर हातात मशाल घेऊन एक बाई उभी. तिचं नाव 'प्रगती'. इतकी वर्षं प्रगती एकाच जागी उभी आहे हे पाहून मला एकदम आमच्या ऑफिसची आठवण झाली. आणि ज्या तिकीटघरात मी उन्हापावसात पासाची रांग लावली, त्याला 'स्टार चेंबर' म्हणतात, हेही त्याच दिवशी कळलं. मी आपला त्याला 'चार नंबरची खिडकी' म्हणत आलो होतो.

दुसरा शनिवार फोर्टातल्या वस्तुसंग्रहालयाचा. दारात पिशवी तपासून झाल्यावर रखवालदाराने आपुलकीने विचारलं, "कुठून आलात?"

"डोंबिवलीहून."

"मग आज पहिल्यांदाच?"

माझं ऑफिस तिथून सात मिनिटांवर होतं. चौतीस वर्षं मी या फाटकावरून चहाला गेलो होतो. पण प्रश्न सरळ होता आणि उत्तरही सरळच द्यायला हवं होतं. "हो," मी म्हणालो. "मुक्काम किती दिवस?" असं त्याने विचारलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

या संग्रहालयाचा इतिहास डोंबिवलीकराला समजावून सांगावा लागत नाही. १९०५ साली इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते कोनशिला बसली. जॉर्ज विटेटच्या आराखड्याप्रमाणे १९१४ साली इमारत उभी राहिली. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं, आत लष्करी इस्पितळ आलं आणि संग्रहालय लोकांसाठी उघडलं ते १९२२ साली. म्हणजे इमारत तयार, ताबा आठ वर्षांनी. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाला अजून अकराच वर्षं झाली आहेत आणि इमारतीचा पत्ता नाही. पण निदान आत इस्पितळ तरी आलेलं नाही. मला मोठा धीर आला.

आत शिरल्यावर आमचे दोन पक्ष झाले. ही प्रत्येक पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचते, उद्या तोंडी परीक्षा असल्यासारखी. मी हात पाठीमागे बांधून चालतो. हात पाठीमागे गेले की माणूस आपोआप जाणकार दिसतो. मुलगी बघायला आलेले मुलाचे काका घर बघत फिरतात तसा. मूर्तीपुढे थांबायचं, मान डावीकडे कलवायची, "हं" म्हणायचं आणि पुढे जायचं. असे साठ-सत्तर "हं" झाल्यावर गुडघे बोलू लागतात. डोंबिवलीपर्यंत उभ्याने प्रवास केलेले हे पाय. पण लोकलमध्ये निदान टेकायला दुसऱ्याची पाठ असते. इथे टेकायला गेलो ती सातव्या शतकातली निघाली असती. शेवटी एक बाक दिसला. त्या दालनात पाटी नसलेली तेवढी एकच वस्तू होती, आणि सगळ्यांत जास्त लोक तिच्याचभोवती होते.

अकबराचं पोलादी चिलखत पाहून ही बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "आतून धुवायचं कसं हो?" इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात हा प्रश्न मी वाचलेला नाही. मला उत्तर येत नव्हतं. एरवी मी "धोबी होते त्यांच्याकडे" असं काहीतरी ठोकून दिलं असतं. पण पुढे मेव्हणा नव्हता, बायको होती. मी वाकून पाटी वाचू लागलो. धुण्याविषयी तीत काही नव्हतं, पण चिलखतावर त्याचं साल कोरलेलं आहे असं होतं. पुन्हा पाहिलं तर खरंच कोरलेलं होतं. पाहुण्यांना दाखवताना आपण वस्तूकडे पाहतच नाही, पाहुण्यांच्या तोंडाकडे पाहतो, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

पुढचा मुक्काम शेजारीच, जहांगीर कलादालन. इथे मी जुना जाणता होतो. म्हणजे तिथल्या 'समोवार'मध्ये मी पुष्कळदा बसलो होतो. १९६४ साली सुरू झालेलं हे उपाहारगृह २०१५ साली बंद झालं. तोवर कुणी 'कुठे होतास?' विचारलं तर 'जहांगीरला' असं सांगण्याची सोय होती. ऐकणाऱ्याला वाटे चित्रं पाहत होता. मी पुदिन्याचा चहा पीत होतो. कलादालनाशी माझं एवढंच नातं, पण ते प्रामाणिक होतं.

नावांचा घोळही इथेच. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ उभारलेलं हे दालन १९५२ चं. आणि रीगलच्या चौकात जे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ पासून आहे, ते ज्या १९११ च्या सभागृहात आहे त्याचं नावही सर कावसजी जहांगीर हॉल. आम्ही आधी तिथेच गेलो. सोमवार होता. सोमवारी ते बंद असतं. हिच्या वहीत तसं लिहिलेलंही होतं, पण वही माझ्याकडे होती. या घराण्याच्या आधीच्या पिढीचं आडनाव 'रेडीमनी' होतं. आडनावच असं असल्यावर माणूस सभागृह बांधणार नाही तर काय करणार? आमचं आडनाव तसं असतं तर मीही निदान सोसायटीचा जिना रंगवून दिला असता.

कलादालनात एका खोलीत अमूर्त चित्रं होती. मोठी, निळी, मधे एक लाल ठिपका. कोपऱ्यात खुर्चीवर चित्रकार बसले होते, आणि खरा पेच तिथे असतो. चित्र समजलं नाही तर चित्राला वाईट वाटत नाही, चित्रकाराला वाटतं. खोलीत आम्ही दोघंच. ते आमच्याकडे पाहत होते, आम्ही ठिपक्याकडे. किती वेळ पाहिलं म्हणजे अपमान होत नाही याचा काही नियम असावा. मी मनात शंभरपर्यंत आकडे मोजले. दुसऱ्या चित्राला दीडशे, कारण त्यात ठिपके दोन होते.

दाराशी अभिप्रायाची वही होती. नाव, गाव, अभिप्राय. माझ्या आधीच्या गृहस्थांनी लिहिलं होतं, 'फार छान'. त्यांच्या आधीच्यांनी, 'छान'. त्यांच्या आधीच्या बाईंनी, 'खूप छान'. मराठी माणसाची कलासमीक्षा या तीन पायऱ्यांवर उभी आहे. मी 'अतिशय छान' लिहून मराठी समीक्षा एक पायरी वर नेली. हिने मात्र वही ठेवली आणि सरळ चित्रकारांपुढे जाऊन विचारलं, "हा ठिपका आधी काढलात की नंतर?"

ते गृहस्थ खुर्चीतून उठले. चार दिवस बसून होते, म्हणाले, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ठिपका आधी होता. मग त्याच्याभोवती निळा रंग येत गेला, थरावर थर, मधे तीन आठवडे चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. अर्धा तास बोलले. बाहेर पडताना मी परत ते चित्र पाहिलं. कळलं असं म्हणणार नाही. पण ठिपका एकटा वाटला, आणि आधी तो नुसता लाल वाटला होता.

बाहेर काळा घोडा. त्याची गोष्ट मी आता पाठ केली आहे. सातवा एडवर्ड युवराज असतानाचा घोड्यावरचा पुतळा ससून यांनी शहराला दिला, म्हणून चौकाला काळा घोडा नाव पडलं. १९६५ साली तो पुतळा हलवला. घोडा गेला, नाव राहिलं. बावन्न वर्षं लोक नसलेल्या घोड्याजवळ एकमेकांना भेटत होते, आणि नेमके भेटतही होते! १९९९ पासून नसलेल्या घोड्याच्या नावाने कला महोत्सवही भरू लागला. शेवटी २०१७ साली नवा घोडा बसवला, पण त्यावर स्वार नाही. आम्ही गेलो तो दिवस रविवारचा असता तर स्वार मेगाब्लॉकमध्ये अडकलाय असं मी धरून चाललो असतो.

मग जुना घोडा कुठे आहे? राणीच्या बागेत. आम्ही बघायला गेलो. तिथे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली उघडलेलं, शहरातलं सगळ्यांत जुनं. भायखळ्याला उतरलेली सगळी गर्दी पेंग्विनकडे जाते आणि संग्रहालयात त्यामुळे छान गारवा असतो. आत जुन्या मुंबईकरांचे मातीचे छोटे पुतळे आहेत, आपापल्या पोशाखात, आपापल्या उद्योगात, निवांत. लोकल पकडणारा एकही दिसला नाही. आवारात तो युवराज घोड्यावर बसला आहे, आणि जवळच दगडी हत्ती. हा घारापुरीचा हत्ती. याला पाहून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आले आणि १९१४ साली पुन्हा जोडले गेले.

मी तिथे उभा राहून हिशेब केला. काळ्या घोड्याला जुना घोडा नाही, एलिफंटाला हत्ती नाही. दोन्ही राणीच्या बागेत. महापालिकेवर आपण काहीही आरोप करू, पण प्राणी कुठे ठेवायचे याविषयी या शहराचा गोंधळ नाही.

हत्तीशेजारी एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते. "कुठून आलात?" मी विचारलं. "घाटकोपर," ते जरा ओशाळून म्हणाले. मला एकदम त्यांच्याविषयी आपलेपणा वाटला.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात आम्ही पासावर गेलो. मराठी माणसाला तिकीट काढून संगीत ऐकायला आवडतं. पण ओळखीने पास मिळाला तर ते अधिक सुरेल लागतं. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची मैफल होती. २००६ पासूनचा हा वाद्यवृंद. शे-पाऊणशे वादक एकदम गज ओढतात तेव्हा अंगावर काटा येतो. अडचण टाळ्यांची आहे. आपल्या बैठकीत ऐकणाराही कामावर असतो. समेवर मान हलली नाही तर शेजारचा तब्येत विचारतो, आणि एखाद्या हरकतीला "क्या बात है" म्हटलं नाही तर गायकच आपल्याकडे पाहू लागतो. इथे चाळीस मिनिटं तोंड मिटून, मान सरळ ठेवून बसायचं. वाद्यं थांबली. मी कडाडून टाळी वाजवली. ती अख्ख्या सभागृहात एकटीच होती.

शेजारी एक वयोवृद्ध पारशी बाई होत्या. माझ्या गुडघ्यावर थोपटून कुजबुजल्या, "हजी त्रण भाग बाकी छे, डीकरा."

साठीत मला लेकरू म्हणणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. पुढचे तीन भाग मी वादकांकडे कमी आणि बाईंच्या हातांकडे जास्त पाहिलं. त्यांचे हात उठले की माझे उठणार. शेवटी उठले. मध्यंतरात त्यांनी विचारलं होतं, "क्यांथी आव्या?" डोंबिवली ऐकून त्या हळहळल्या. "एटला दूर!" त्यांच्या स्वरावरून मला क्षणभर पासपोर्ट खिशात आहे ना हे चाचपावंसं वाटलं.

एवढी परमुलुखी भटकंती झाल्यावर वाटलं, आता आपल्या घरी जाऊ. दादर, शिवाजी मंदिर. ज्या १९६५ साली तो घोडा चौकातून गेला, त्याच साली हे नाट्यगृह उघडलं. शहराचा जमाखर्च असा चुकता होतो. इथे कुणी 'कुठून आलात' विचारत नाही. इथे विचारतात, "रांग कुठली?" आणि दबक्या आवाजात, "पास का?" इथे टाळी कधी वाजवायची हे पोटातून कळतं. तिसरी घंटा होते, मोबाइल बंद ठेवण्याची सूचना होते, ती ऐकून सगळे मान डोलावतात आणि डोलावता डोलावता एकाचा वाजतो. मागच्या रांगेतून टीका सुरू असते : "हा मालिकेत डॉक्टर आहे बघ." "मेला ना तो?" "मालिकेत मेला. इथे आहे." पहिल्या अंकाच्या शेवटी नायिकेचा टाहो आणि बटाटेवड्याचा वास एकदमच येतात, डोळ्यांना आणि तोंडाला बरोबरच पाणी सुटतं. मराठी नाटकाचा परिणाम इतका खोल का होतो याचं हे एक कारण असावं.

मध्यंतरात वडा खात मी म्हणालो, "हे बरं. इथे काही बघावं लागत नाही."

"तीस वर्षं येतोय आपण इथे," ही म्हणाली. "पडद्याचा रंग कुठला सांगा."

माझा घास तसाच राहिला. आत जाऊन बसेपर्यंत पडदा वर गेला होता. दुसऱ्या अंकात सासऱ्याने सुनेला काय सुनावलं कोण जाणे. मी नाटक संपून पडदा पडायची वाट पाहत होतो. रंग इथे सांगत नाही. ज्यांना आठवत नाही त्यांनी जाऊन बघावा.

या मे महिन्यात मेव्हणा आला. मी जय्यत तयार होतो. संग्रहालयापुढे त्याने बोट दाखवायच्या आतच मी सुरू झालो : विटेट, कोनशिला, इस्पितळ, ताबा. काळ्या घोड्यापाशी हत्तीपर्यंत पोचलो. तो बिचारा ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "दाजी, तुम्ही पूर्वी 'सरकारी ऑफिस' म्हणायचात ते सोपं होतं. इथं चांगला वडा कुठं मिळतो?"

त्याला वडा खायला घालून संध्याकाळच्या गाडीत बसवलं आणि आम्ही घरी निघालो. तिकीटघरातून जाताना माझी मान सहज वर गेली. कमानीतून कमान निघते, खांब वर जाऊन फांद्यांसारखे पसरतात. चौतीस वर्षं हे सगळं डोक्यावर होतं. मी थांबलो. ही पण थांबली. मागून एक तरुण धडकला, पाठीला बॅग, कानात वायर.

"ओ काका, साइडला व्हा ना! स्टेशन आहे हे. कुठून आलात?"

"डोंबिवलीहून," मी म्हणालो.

तो धावता धावता मागे वळला आणि ओरडला, "मग पळा की! सहा-पंधरा लागलीय!"

त्याने माणुसकीने सांगितलं होतं. पाय सवयीने उचललाही गेला. मग हिच्याकडे पाहिलं. ती वरच पाहत होती.

सहा-पंधरा गेली. चौतीस वर्षांत मी आपणहून सोडलेली ती पहिली फास्ट.